काळ्या भाकरीचा डबा

डब्यात काळपट भाकरी असली की तुम्ही डबा कुठे उघडता?

खरं सांगा. मी कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर उघडायचे. बहुतेक दिवस तर उघडायचेच नाही. नशिराबादहून जळगावला कॉलेजला यायचं म्हणजे सकाळी हायवेवर उभं राहायचं. एसटी मिळाली तर एसटी, नाही तर काळीपिवळी. अंतर दहा-बारा किलोमीटरचंच, पण पहिलं लेक्चर गाठायचं तर घरातून निघताना पोटात एक कप चहा आणि दोन टोस्ट, बस्स. आई धावत येऊन डबा हातात कोंबायची. कळण्याची भाकरी, ठेचा, सोबत कुठलीतरी पालेभाजी. दुपारी तो डबा मी हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मैत्रिणीला द्यायचे. ती पाचोऱ्याकडची. मेसच्या पोळ्यांना कंटाळलेली. ती माझी भाकरी मिटक्या मारत खायची आणि त्याबदल्यात मला समोसा नाही तर कचोरी घेऊन द्यायची. दोघीही खूश. हा व्यवहार जवळपास दोन वर्षं चालला.

मग सेकंड इयरला कॉलेजात रक्तदान शिबिर लागलं. मी आपली उत्साहात रांगेत. आधी बोट टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात टाकतात, तुम्ही पाहिलं असेल. ते मोरचुदाचं द्रावण. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे, रक्त देता येईल. माझा थेंब तरंगला. मागे उभ्या मुलांनी 'ओऽऽ' केलं ते वेगळंच. लॅबमध्ये तपासलं तर आकडा आला ९.८. मुलींमध्ये बाराच्या खाली आलं की त्याला ॲनिमिया म्हणतात. म्हणजे जिने चढताना धाप लागायची, दुपारच्या लेक्चरला डोळे मिटायचे, त्याला मी दोन वर्षं 'लोड आहे गं' म्हणत होते.

डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि तीन दिवसांत काय काय खाल्लं ते कागदावर लिहायला लावलं. चहा. टोस्ट. समोसा. चहा. रात्री वरण-भात, तोही अर्धा, कारण संध्याकाळी पावभाजी झालेली. चहा. त्यांनी यादी वाचली आणि विचारलं, "घरून डबा येत नाही का?" मी म्हटलं, "येतो. मैत्रीण खाते." त्या जरा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मैत्रिणीचं बरं चाललंय."

आता इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी रोज तो डबा खाल्ला असता तर तो थेंब बुडलाच असता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. रक्त कमी असण्याची कारणं बरीच असतात. पाळीत जास्त जाणारं रक्त, पोटातले जंत, बी-१२ ची कमतरता. आणि एकदा हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं की नुसत्या भाकरीने ते वर येत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. 'बीट खा, खजूर खा, आठवड्यात रक्त वाढतं' असे व्हिडिओ बघून गोळ्या बंद करू नका. पण हेही खरं की आपण एकट्या-दुकट्याबद्दल बोलत नाही आहोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका-मुलींना ॲनिमिया आढळला. तुमच्या वर्गात वीस मुली असतील तर सरासरीने दहा-अकरा. वर्गातल्या मुलांनो, तुम्ही हसू नका. प्रोटीनच्या बाबतीत तुमची गोष्ट पुढे येतेच आहे.

त्या दिवसानंतर मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की त्या काळ्या भाकरीत असतं तरी काय?

ज्वारीला उडीद कशाला लागतो?

कळणा म्हणजे काय हे खानदेशात सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईचे वाचणारे असतील म्हणून सांगते. ज्वारी आणि सालासकट अख्खे काळे उडीद, थोडं जाडं मीठ घालून एकत्र दळायचं. साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद. घरागणिक हात वेगळा. उडदाच्या सालीचे काळे ठिपके भाकरीत दिसतात. शहरातल्या मुलांना ती 'जळलेली' वाटते ती यामुळे.

आता गंमत बघा. ज्वारीत प्रोटीन आहे, १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम. पण त्यात लायसीन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. शरीर प्रोटीन बांधतं ते विटा रचल्यासारखं. एका जातीची वीट संपली की बाकीच्या कितीही पडून असल्या तरी भिंत थांबते. ज्वारीत लायसीनची वीट आधी संपते. उडदात नेमकी तीच भरपूर. उलट उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी पुरवते. शिवाय उडदात प्रोटीन १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे मिश्रणाचा एकूण आकडाही बाराच्या वर जातो. दोन मोठ्या भाकऱ्या म्हणजे पंधरा-सोळा ग्रॅम प्रोटीन. पन्नास किलो वजनाच्या मुलीला दिवसाला लागतं चाळीस-बेचाळीस ग्रॅम. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काम नुसत्या भाकरीतच झालं, ठेचा-भाजी अजून बाजूलाच आहे.

आपल्या पणजीला लायसीन माहीत होतं, असं मी म्हणणार नाही. 'पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' हे वाक्य ऐकलं की मला जरा खाजच येते. पूर्वजांना हेही ठाऊक होतं की उडीद घातला की भाकरी थापताना चिरत नाही, आणि शेतात दुपारपर्यंत भूक लागत नाही. बहुधा तेवढ्यासाठीच घातला असेल. फायदा मात्र झालाच.

आणि ज्यांना तो उडीद परवडला नाही त्यांचं काय झालं, हेही ऐकून ठेवा. १९६० च्या सुमारास हैदराबादला, आज जिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात तिथे, डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनमधल्या गरीब मजुरांचा एक आजार अभ्यासला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून फाटायची, जुलाब लागायचे, पुढे पुढे डोकं ठिकाणावर राहायचं नाही. हा पेलाग्रा. नायसिन या ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार. जगभर तो मका खाणाऱ्यांमध्ये दिसायचा. इथे तो ज्वारी खाणाऱ्यांमध्ये होता. ज्वारीत ल्युसिन जास्त असतं आणि ते नायसिनच्या आड येतं, असं गोपालन यांनी मांडलं. त्या कारणावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले, पण निरीक्षण पक्कं होतं: ताटात दिवसेंदिवस फक्त ज्वारी, ना डाळ, ना दूध, ना भाजी.

म्हणून कुणी तुम्हाला 'ज्वारी सुपरफूड आहे' म्हणालं की विचारा, कशाबरोबर? २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, त्यानंतर मॉलमध्ये मिलेट कुकीज, मिलेट नूडल्स, सगळं मिलेट झालं. पाकीट उलटं करून वाचलंत तर पुष्कळदा पहिला घटक मैदा किंवा साखर निघते. आणि आकडे प्रामाणिकपणे बघितले तर ज्वारी आणि चोकर न काढलेला गहू यांच्यात प्रोटीन, लोह, तंतू या बाबतीत फार मोठी दरी नाही. दरी आहे ती मैद्याशी. समोशाचं आवरण, पाव, खारी, टोस्ट, नूडल्स हा सगळा एकाच पिठाचा गोतावळा आहे. बाजरीचं मात्र वेगळं. लोहाच्या बाबतीत ती ज्वारीच्या दीडपटीला आहे, म्हणून थंडीत महिना-दोन महिने बाजरी खायची पद्धत अगदीच काही वाईट नाही.

आपल्याकडची खास ज्वारी म्हणजे दादर. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळा सरताना पेरायची, मग जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर ती पोसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. पाणी जवळपास लागतच नाही. तरीही शिवारात आता दादरीपेक्षा कपाशी आणि केळी जास्त दिसते, त्याचा हिशोब शेतकऱ्याला विचारा, तो तुम्हाला दोन मिनिटांत समजावेल. रेशनला गहू-तांदूळ आले, दादर दुकानात महाग झाली, आणि जी भाकरी गरिबाची म्हणून लपवायची होती ती हळूहळू हौसेची झाली. हॉटेलात 'खानदेशी थाळी'त तीच भाकरी, तिचे वेगळे पैसे. मी ती कचोरीच्या बदल्यात देत होते.

वांगं पाण्याचं, भरीत कशाचं?

थंडी पडली की नशिराबाद, भादली, आसोदा या पट्ट्यात एकच वास सुटतो. संध्याकाळी शेतात पऱ्हाट्या पेटतात आणि त्यावर हिरवी-पांढरट, हातभर लांब वांगी भाजली जातात. आसोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर, ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे. भरीताच्या वांग्यांसाठीही ते गाव ओळखलं जातं. यावल तालुक्यातल्या बामणोदवाल्यांना हे पटणार नाही. या भांडणात मी पडत नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही.

आता ही गोष्ट ऐकून आमच्या घरचे रागावतील, पण वांग्यात स्वतःचं असं फार काही नसतं. नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, थोडे तंतू. मग भरीत पौष्टिक कशाने होतं? त्यात पडणाऱ्या सोबत्यांनी. मूठभर शेंगदाणे, ज्यात १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रोटीन. चिरलेली कांद्याची पात, कोथिंबीर, लसूण, हिरव्या मिरच्या. सोबत कळण्याची भाकरी, कच्चा कांदा, मुळा, आणि पिळलेलं लिंबू.

त्या लिंबावरून मी आयुष्यात बरंच शिकले. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "धान्या-भाजीतलं लोह अंगाला लागायला कठीण असतं. त्याला सोबत क जीवनसत्त्व लागतं, आणि चहा लांब ठेवावा लागतो." चहातली टॅनिन्स लोहाला धरून ठेवतात, आतड्यातून ते पुढे जातच नाही. म्हणजे जेवणावर लगेच चहा घेणारी मी, आहे तेवढं लोहसुद्धा वाया घालवत होते. जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवलं की झालं, चहा सोडायची गरज नाही. (चहा सोडा म्हणणारा लेख तुम्ही इथेच बंद केला असता, मला माहीत आहे.)

आणि क जीवनसत्त्वाची सगळी दुकानं निसर्गाने थंडीतच उघडलेली असतात. आवळा. पेरू, ज्यात संत्र्याच्या कितीतरी पट क असतं. मेहरूणची बोरं. कॉलेजच्या गेटबाहेर गाडीवर मीठ-तिखट लावलेला पेरू मिळतो, त्याला आपण टाइमपास समजतो. टाइमपास नाही तो. फक्त चाकू आणि पाणी कसं आहे तेवढं बघा, नाही तर अख्खा पेरू घ्या आणि धुऊन चावून खा.

हरभऱ्याचा कोवळा पाला हाही याच दिवसांतला. तो खुडून बारीक चिरायचा, कांदा, शेंगदाण्याचं कूट, तिखट-मीठ आणि वरून कच्चं तेल. घोळाणा. शिजवायचंच नाही, म्हणून त्यातलं क तसंच राहतं. पाला नीट धुणं मात्र यात टाळता येत नाही. तुरीच्या ओल्या शेंगा मीठ टाकून उकडायच्या आणि गप्पा मारत सोलत खायच्या. एकदा बसलं की शेंगा कधी संपतात कळत नाही. चिप्सच्या पाकिटाचंही तसंच होतं म्हणा, पण शेंगांनी पोट भरतं.

चातुर्मासात वांगं खायचं नाही आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुरुवात करायची, ही पद्धत तुमच्या घरी असेल. तुम्ही पाळा न पाळा, पण ती ऋतूशी जुळते हे खरं. चांगलं भरीताचं वांगं थंडीतच येतं. आता बारा महिने वांगी मिळतात. जूनमधल्या वांग्याचं भरीत एकदा करून बघा, बियाच बिया.

भरीत पार्टीत एक गोष्ट मला अजून खटकते. तेल. वरून तर्री दिसलीच पाहिजे अशी काही घरांत सक्तीच असते. शेतावर पंगत बसते आणि एखादे काका पळी घेऊन उभे, "कायले लाजतो भो, घे अजून!" दिवसभर पाणी भरणाऱ्या, निंदणी करणाऱ्या माणसाला ते तेल पचत होतं. आपण दिवसभर काय उचलतो? मोबाइल.

तोच मुद्दा शेवभाजीचा. माझा तिच्यावर अतोनात जीव आहे, पण शेवभाजीत भाजी कुठे असते हे मला आजवर सापडलेलं नाही. तळलेली शेव, तेलाचा रस्सा. महिन्यातून एकदा मनसोक्त खा. मात्र 'आज भाजी खाल्ली' असा हिशोब लावू नका. त्याऐवजी घरी कधी फुनके आणि कढी केली असेल तर ती मागून घ्या. भिजवलेली डाळ जाडसर वाटून, त्यात पात, लसूण, मिरची घालून, मुटके वाफवायचे. डाळीचं प्रोटीन, ताकाचं प्रोटीन, तेल चमचाभर. जिममध्ये डबा नेणाऱ्या मुलांनो, हे तुमच्यासाठी. हैदराबादच्या त्याच संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात प्रोटीन पावडरच्या नादी लागू नका असं स्पष्ट म्हटलंय. डाळी-कडधान्यं, शेंगदाणे, दही, खात असाल तर अंडी, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पावडरच्या एका डब्याच्या पैशात किती किलो शेंगदाणे येतात, भुसावळच्या बाजारात विचारून बघा.

पंचेचाळीस डिग्रीतलं जेवण

आपला उन्हाळा काय चीज आहे ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि नेमक्या तेव्हाच विद्यापीठाच्या परीक्षा. दुपारचा पेपर. या दिवसांत भूक मरते आणि तहान वाढते. तुम्ही कोल्ड्रिंक घेता. त्यात पाणी आणि साखर असते, घामातून गेलेलं मीठ काही परत येत नाही. ताकात पाणी, मीठ आणि प्रोटीन तिन्ही आहे. कैरीच्या पन्ह्यात मीठ, थोडा गूळ आणि क. कांदा खिशात ठेवला की ऊन लागत नाही असं आमच्याकडे म्हणतात. खिशातल्या कांद्याचं मला माहीत नाही, पण भाकरीबरोबर ताटातला कांदा आणि दर तासाला पाणी हे नक्की उपयोगी.

उन्हाळा हा आपल्याकडे वर्षाची बेगमी करायचाही ऋतू. गच्चीवर बिबड्या घालायच्या त्या दिवसांत. ज्वारी भिजवून-आंबवून भरडायची, लसूण-तीळ-तिखट घालून शिजवायची आणि कापडावर गोल थापायची. उन्हं चढायच्या आत सगळं आटपायला हवं, म्हणून पहाटे चारला उठायचं. अर्धवट सुकलेली बिबडी शेंगदाण्यांबरोबर खायची असते, आणि राखण करायला बसवलेली पोरंच ती खातात. आंबवल्यामुळे धान्यातलं लोह मोकळं व्हायला मदत होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त आंबट-तिखट चव कळत होती.

मग आखाजी. त्या दिवसापर्यंत आंबा खायचा नाही अशी जुनी पद्धत. आमरस, खापरावरचे मांडे, कुरडया. आमच्या घरात आखाजीच्या आधी आंबा दिसला तर आजी विचारायची, "पिकवला की पिकला?" तिला कार्बाइडबद्दल काही माहिती नव्हती, ती फक्त वासावरून ओळखायची. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे, तरी हंगामाआधीचा एकसारखा पिवळाधमक आंबा दिसला तर मी अजूनही आजीचाच प्रश्न विचारते.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात, कारण तुमच्यातले निम्मे 'पालेभाजी' म्हटलं की पान उलटतात. जुलै-ऑगस्टमध्ये बांधावर फुकट उगवणारं तांदुळजा, घोळ, अंबाडी, आणि सातपुड्याकडून बाजारात येणारी कटुर्ली. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे पावरा बायका एकेका पानाची ओळख सांगतात. एकदा जाऊन या. एक सावधगिरी: कपाशीत आता निंदणीऐवजी तणनाशक मारतात. ज्या तणाला आपली आजी भाजी म्हणत होती ते आता फवाऱ्याखाली जळतं. फवारलेल्या शेतातून भाजी खुडू नका, मालकाला विचारून घ्या.

रूमवर राहणाऱ्यांसाठी

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. 'हे सगळं घरी राहणाऱ्यांसाठी ठीक आहे, आम्ही पुण्यात चौघं एका रूममध्ये, मेसला बटाटा आणि फक्त बटाटा.' मीही दोन वर्षं तशी काढली आहेत. रूमवर गॅस नव्हता, घरमालकांना वास चालत नव्हता.

त्या दोन वर्षांत जे खरंच जमलं तेवढंच सांगते. रात्री एका वाटीत मटकी किंवा हरभरे भिजत घालायचे, सकाळी पाणी काढून कापडात बांधायचे. दुसऱ्या दिवशी मोड. वर कांदा, लिंबू, शेंगदाणे. मोड आले की क जीवनसत्त्व तयार होतं. कच्ची मटकी पोटाला जड जात असेल तर मेसच्या मावशींकडून कुकरला एक वाफ काढून घ्या, मी मैत्री केली होती. मेसमध्ये भाताचा दुसरा वाढप घेण्याऐवजी आमटीची दुसरी वाटी. त्याच २०२४ च्या सूचनांत दिवसाला धान्य २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम असं प्रमाण दिलंय, आणि अर्धं ताट भाज्या-फळांचं. मेसचं ताट बरोबर याच्या उलटं असतं, तेव्हा जेवढं हलवता येईल तेवढं हलवायचं. आणि केळी. ती पुण्यातही मिळते, जगात कुठेही मिळते, सोलायला चाकू लागत नाही. सकाळी काहीच न खाता पळणाऱ्याने दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले तरी तो टोस्टवाल्यापेक्षा पुष्कळ बरा. केळीचे वेफर्स मात्र यात धरू नका, रावेर-सावद्याकडून येताना कितीही गरम आणि ताजे मिळाले तरी.

दुसऱ्या वर्षी आम्ही इंडक्शन घेतलं. आई ट्रॅव्हल्सने कळण्याचं पीठ पाठवायची, पार्सल पहाटे पाचला घ्यायला जावं लागायचं. पहिल्या भाकरीचे पाच तुकडे झाले. मी घरी फोन लावला.

"पाणी कसं घेतलं?"

"नळाचं."

"उकळतं घे. आणि पीठ किती दिवसांचं आहे?"

महिन्यापेक्षा जास्त झालं होतं. जुनं पीठ विरी जातं, त्याला चिकटपणा राहत नाही. कळण्यात उडीद असल्याने ते थोडं सांभाळून घेतं, पण महिनाभर नाही. तेव्हापासून आई दर पंधरा दिवसांनी दोनच किलो पाठवते. भाकरी अजून गोल होत नाही. हिमोग्लोबिन मागच्या खेपेला १२.६ होतं, गोळ्या धरून. मोरचुदाच्या बाटलीत थेंब टाकला तर आता कदाचित बुडेल, अजून रांगेत उभी राहिले नाही.

आणि ती पाचोऱ्याची मैत्रीण याच शहरात नोकरीला आहे. रविवारी येते. येताना समोसे आणते, आणि ताटात भाकरी पडेपर्यंत त्यांना हात लावत नाही.